खाजनातला 48 नंबरचा खेकडा

चवथीच्या सुट्टीत गोव्यात चोडणच्या घरी लॅपटॉप उघडून बसलो होतो. लुआंटी या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेममध्ये (2024 पर्यंत त्याला माइनटेस्ट म्हणायचे) आमचं खाजन, म्हणजे बांधाआडची शेती, उभं करायचं होतं. अलीकडे मांडवी, मध्ये बांध, पलीकडे भरतीच्या पातळीहून खोल शेतं. पण गेमचा जमीन तयार करणारा जनरेटर पाण्याच्या पातळीखालची मोकळी जागा सरळ पाण्याने भरून टाकतो. बांधबिंध त्याला ठाऊक नाही. म्हणून लुआ भाषेत मॉड, म्हणजे गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिला: जमीन तयार झाली की शेतातलं पाणी काढ, बांध घाल.

शेतं कोरडी झाली. फक्त मधोमध एक ठोकळा रुंदीची पाण्याची भिंत, काचेसारखी उभी. वाहत नाही, पसरत नाही. शोधाशोध केल्यावर कळलं की व्हॉक्सेल मॅनिप्युलेटरने (एकदम पुष्कळ ठोकळे बदलायचं साधन) ठोकळे थेट लिहिले, तर पाणी वाहतं करायला इंजिनला वेगळं सांगावं लागतं. अपडेट लिक्विड्सची ओळ घातली आणि बांधावरून पुढे, नवी जमीन तयार होते तिथवर चालत गेलो. तिथेही तशीच पट्टी. आता मात्र पाणी वाहिलं, आणि दोन्ही अंगांची शेतं बुडाली. आधीचं बरं होतं!

बाबा मागून बघत होते. म्हणाले, "खेकड्याने भोक पाडलं असणार." आमच्याकडे बांध फुटला की पहिला संशय खेकड्यावरच.

एफ 5 दाबून जागेचे आकडे पाहिले. पहिली पट्टी एक्स 48 वर, दुसरी 128 वर. आणखी पुढे गेलो, तिसरी 208 वर. दर 80 ला भोक पाडणारा खेकडा कुठला? लुआंटी जमीन 80 ठोकळ्यांच्या तुकड्यांनी बनवतं आणि मधला तुकडा उणे 32 पासून 47 पर्यंत असतो. म्हणजे प्रत्येक तुकड्याची पहिलीच रांग माझ्या हातून सुटत होती. एकेका रांगेवरून फिरणारा लूप पाहिला तर सुरुवातीला अधिक एक. का लिहिलं होतं, देव जाणे.

ते काढलं, गेम पुन्हा उघडला, तर भोकं जिथल्या तिथे. इथे मी अर्धा तास उगाच कोड उलटापालटा करत बसलो. एकदा तयार झालेली जमीन जगाच्या फाइलमध्ये साठवलेली असते. कोड बदलला म्हणून ती बदलत नाही. जगाच्या फोल्डरची प्रत काढून डिलीटब्लॉक्स कमांडने तो भाग पुसला. त्यासोबत बांधाकडेला बांधलेलं माझं कौलारू घरही गेलं. पण जमीन नव्याने उगवली आणि 48 वर बांध सलग होता.

बाबांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनवर बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"मानस कुठे आहे? पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर कसं सोडणार?" मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार.

लुआंटीत ओहोटीच नसते, असं म्हणालो. ते त्यांना अजिबात पटलं नाही.