रुबीतली लांब अट सोपी कशी करावी?

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘इफ’च्या (‘जर’च्या) एकाच ओळीत चार-पाच अटी जोडत गेल्यामुळे ती ओळ वाचवत नाही, तर ती छोटी कशी करावी, असा प्रश्न रुबी शिकणारी मंडळी मला नेहमी विचारतात. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. माझ्या मते अडचण लांबीची नसते. ती अट कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे कोडमध्ये कुठेच लिहिलेले नसते, ही खरी अडचण असते.

ऑर्डर रद्द करता येईल का, हे ठरवणारी ओळ घ्या: पैसे भरलेले आहेत, आणि माल रवाना झालेला नाही, आणि 24 तास उलटलेले नाहीत, किंवा रद्द करणारी व्यक्ती व्यवस्थापक आहे. रुबीत ‘आणि’चे दुहेरी अँपरसँड (&&) हे चिन्ह ‘किंवा’च्या दुहेरी उभ्या रेघेपेक्षा (||) घट्ट बांधते, त्यामुळे पहिल्या तीन अटींचा एक गट होतो आणि व्यवस्थापकाला त्या तिन्हींतून सूट मिळते; म्हणजे रवाना झालेला मालही तो रद्द करू शकतो. लिहिणाऱ्याला सूट फक्त 24 तासांच्या अटीतून द्यायची होती की सगळ्यांतून, हे त्या ओळीवरून कळायला मार्ग नाही. ओळ दोन ओळींत मोडली तरीही कळणार नाही.

म्हणून आधी संबंधित माणसाला विचारून हेतू पक्का करावा आणि मग त्याला नाव द्यावे. रुबीत मेथडच्या (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या) नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह चालते, ही सोय अशा वेळी फार मोलाची ठरते. सूट फक्त 24 तासांच्या अटीतून आहे असे ठरले, तर ‘कॅन्सलेबल?’ नावाची मेथड लिहावी: पैसे भरलेले नसतील तर तिथेच ‘रिटर्न फॉल्स’ (म्हणजे ‘नाही’ असे उत्तर देऊन बाहेर), माल रवाना झालेला असेल तर तिथेच ‘रिटर्न फॉल्स’, आणि शेवटच्या ओळीत केवळ ‘व्यवस्थापक आहे किंवा मुदत शिल्लक आहे’ एवढेच. आता सूट कशातून आहे, हे कोड न येणाऱ्या माणसालाही वाचून दाखवता येते. मात्र हा बदल करण्यापूर्वी टेस्ट लिहाव्यात. चार हो-नाही अटींच्या सगळ्या मिळून 16 जोड्या होतात, आणि त्या तपासणे मुळीच कठीण नाही.

‘अनलेस’ (‘इफ’च्या उलट, म्हणजे ‘अट खरी नसेल तर’) एका साध्या अटीपुरतेच ठेवावे. त्याच्यापुढे ‘किंवा’ आले की वाचणाऱ्याला मनातल्या मनात दोन्ही अटी उलटवून ‘आणि’ने जोडाव्या लागतात, आणि चूक नेमकी तिथे होते.

एकाच किमतीवरून (म्हणजे व्हॅल्यूवरून) अनेक फाटे फुटत असतील, तर ‘एल्सइफ’च्या साखळीऐवजी ‘केस’ वापरावे. ‘केस’ आतून तिहेरी बरोबरचे चिन्ह वापरते, म्हणून ‘व्हेन’पुढे क्लास, रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुराचा नमुना) किंवा रेंज (इथपासून तिथपर्यंतचा टप्पा), काहीही देता येते. पार्सलच्या वजनाचे टप्पे रेंजने सुबक लिहिले जातात. फक्त टप्पा 500 वर संपत असेल, तर दोन ठिपक्यांच्या रेंजमध्ये 500 धरले जातात आणि तीन ठिपक्यांच्या रेंजमध्ये धरले जात नाहीत, एवढे भान ठेवावे. फाटे म्हणजे नुसती किमतीला किंमत असेल, तर हॅश (की आणि तिची किंमत अशा जोड्यांचा संच) पुरेसा आहे, आणि तो ‘फेच’ने वाचावा, म्हणजे अनोळखी की आल्यास ‘की-एरर’ येऊन चूक लगेच उघड होते.

राहिला रुबी 2.3 मध्ये आलेला सेफ नॅव्हिगेशन ऑपरेटर (&.); डावीकडे ‘निल’, म्हणजे ‘काहीच नाही’, असेल तर तो मेथड न चालवता ‘निल’च देतो. त्याने ‘निल’च्या तपासण्या गळतात आणि ओळ झटकन आखूड होते, म्हणून तो अनेकांना आवडतो, मी मात्र अटींमध्ये तो जपून वापरावा असे सांगेन. ऑर्डरला ग्राहकच नसेल, तर ‘ग्राहक सक्रिय आहे का’ याचे उत्तर ‘निल’ येते, ‘इफ’ त्याला ‘नाही’ असेच समजते, आणि ग्राहक नसलेली ऑर्डर निष्क्रिय ग्राहकाच्या वाटेने निघून जाते. ग्राहक नसणे हा डेटातला दोष असेल, तर साधा ठिपका ठेवून ‘नो-मेथड-एरर’ येऊ द्यावा. आणि खाते न उघडता केलेली खरेदी तुमच्याकडे चालत असेल, तर तिच्यासाठी ‘गेस्ट?’ अशी वेगळी मेथड लिहून ती सर्वांत आधी तपासावी.