आजीला लिहिलेले पत्र आणि नॉर्दम्प्टनचा तक्ता

अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विमा आणि निवृत्तिवेतन यांच्या जोखमीचे गणित मांडणारा तज्ज्ञ, होण्याच्या परीक्षांतल्या सीएम-१ या पेपरची तयारी करणारी माझी भाची परवा पुण्याहून फोनवर म्हणाली, "मावशी, रोज एएम-९२ हा मृत्यूचा तक्ता उघडते आणि कोणत्या वयाला किती माणसे गेली ते मोजत बसते. पण ही माणसे आहेत तरी कोण?" एडिंबरात विमा आणि निवृत्तिवेतन यांच्या हिशेबात माझी बारा वर्षे गेली, त्या तक्त्याची पाने हाताने अक्षरशः मळली, तरी तिच्या वयात हा प्रश्न मला पडला नव्हता.

उत्तर तसे सरळ आहे. १९९१ ते १९९४ या चार वर्षांत ब्रिटनमध्ये ज्यांच्या आयुष्याचा विमा उतरवलेला होता, त्या पुरुषांच्या अनुभवावरून हा तक्ता बांधलेला आहे. तिथल्या विमा कंपन्या आपापल्या विमेदारांच्या मृत्यूंची माहिती एकत्र आणतात आणि त्यावरून मृत्युदर काढण्याचे काम १९२४ पासून अ‍ॅक्च्युअरींच्या संस्थांच्या पुढाकाराने चालत आले आहे. हा तक्ता ज्यात आहे ते सूत्रांचे आणि तक्त्यांचे पुस्तक आपल्याकडच्या परीक्षांनाही चालते, म्हणून कोथरूडच्या एका खोलीत बसलेली मुलगी तीस वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश पुरुषांचे मरण मोजत असते. मात्र तिच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. तक्ता कोणाच्या अनुभवावरून केला, तो कोणाला लावला आणि तो चुकत असेल तर ते मालकाच्या तोंडावर कोणी सांगायचे? ब्रिटनमधील अ‍ॅक्च्युअरींची संस्था आणि तिचे शिक्षण या प्रश्नाभोवती घडत गेले, असे माझे ठाम मत आहे, आणि भाचीला फोनवर जे नीट सांगता आले नाही ते इथे लिहीत आहे.

मुळात 'अ‍ॅक्च्युअरी' हे पद लंडनच्या ज्या संस्थेत जन्माला आले, ती इक्विटेबल सोसायटी १७६२ साली स्थापन झाली. तिच्यामागची कल्पना जेम्स डॉडसन या गणिताच्या शिक्षकाची. वय पंचेचाळिसाच्या पुढे गेले म्हणून त्या वेळच्या एका विमा संस्थेने त्याला घेतले नव्हते, आणि वयानुसार योग्य हप्ता ठरवता आला तर कोणालाही नाकारण्याचे कारण उरत नाही, हे त्याने मनावर घेतले. तिशीतला माणूस वर्षभरात दगावण्याची शक्यता थोडी, सत्तरीत ती कितीतरी पट. दर वर्षी त्या वर्षाच्या जोखमीइतकाच हप्ता घेतला तर ऐन म्हातारपणी तो झेपेनासा होतो. म्हणून डॉडसनने आयुष्यभर एकच हप्ता सुचवला. तरुणपणी जोखमीपेक्षा जास्त घेतलेली रक्कम बाजूला ठेवायची, तिच्यावर व्याज चढू द्यायचे आणि पुढे जोखीम हप्त्याला ओलांडून जाईल तेव्हा त्या साठ्यातून भरपाई करायची. हे सारे प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, १७५७ साली, तो वारला. संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याला 'अ‍ॅक्च्युअरी' म्हणावे, हे ठरवले ते एडवर्ड रो मोर्स याने.

विमेदाराचे तरुणपणीचे जास्तीचे पैसे अनेक दशके संस्थेच्या हातात राहतात, ही या कल्पनेची ताकद आहे आणि धोकाही तोच आहे. तिजोरीतला पैसा किती आपला आणि किती लोकांच्या पुढच्या मरणासाठी राखून ठेवलेला, हे बाहेरच्याला दिसत नाही. ते सांगू शकणारा माणूस एकच असतो: अ‍ॅक्च्युअरी.

आता तो नॉर्दम्प्टनचा तक्ता, ज्याची गोष्ट मला प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगावीशी वाटते. रिचर्ड प्राइस या धर्मोपदेशकाने नॉर्दम्प्टन शहरातील ऑल सेंट्स या चर्चच्या हद्दीतील १७३५ ते १७८० या काळातल्या दफनांच्या नोंदी घेतल्या आणि त्यांवरून मृत्यूचा तक्ता तयार केला. नोंदींत बाप्तिस्मे कमी आणि दफने जास्त दिसत होती. तेव्हा ही जास्तीची माणसे बाहेरगावाहून येऊन इथे मरत असावीत, असे त्याने धरले. प्रत्यक्षात गावात बाप्तिस्ट पंथाची पुष्कळ कुटुंबे होती आणि ती तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नसत, त्यामुळे त्यांचे जन्म वहीत येतच नव्हते, मरणे मात्र येत होती. परिणामी प्राइसच्या तक्त्यात माणसे खऱ्यापेक्षा लवकर मरत होती. एका वहीतल्या त्रुटीने एका अख्ख्या शहराचे आयुर्मान कागदावर खाली आणले.

इक्विटेबलने हा तक्ता स्वीकारला आणि तिची भरभराट झाली, कारण हप्ते लवकर मरणाऱ्यांच्या हिशेबाने घेतलेले होते आणि विमेदार आरामात जगत होते. प्राइसचाच भाचा विल्यम मॉर्गन १७७५ पासून १८३० पर्यंत तिचा अ‍ॅक्च्युअरी होता, आणि हा साठलेला पैसा वाटून टाका म्हणणाऱ्या सभासदांना त्याने अनेक वर्षे थोपवून धरले. इतकी चांगली कामगिरी पाहून ब्रिटिश सरकारने १८०८ पासून तोच तक्ता धरून लोकांना वर्षासने विकायला सुरुवात केली. वर्षासन हा आपल्याकडचा जुना शब्द आहे. इथे त्याचा अर्थ एवढाच की एकरकमी पैसे द्यायचे आणि जिवंत असेपर्यंत दर वर्षी ठरलेली रक्कम घ्यायची. विम्यात माणूस जास्त जगला तर विमा देणाऱ्या संस्थेचा फायदा होतो, वर्षासनात तोटा. ज्या तक्त्याने इक्विटेबलची तिजोरी भरली, त्याच तक्त्याने सरकारची तिजोरी रिकामी होऊ लागली, कारण सरकारने ज्यांना कागदावर मारून टाकले होते ते लोक दर वर्षी पैसे घ्यायला येत होते.

हे ओळखले ते उत्तर स्कॉटलंडमधल्या थर्सो गावच्या जॉन फिनलेसनने. सरकारकडून पूर्वी ज्यांनी वर्षासने घेतली होती त्यांचे प्रत्यक्ष आयुष्य किती झाले, याच्या जुन्या नोंदी त्याने तपासल्या, तक्ता चुकतो आहे हे वरिष्ठांना कळवले, १८२२ साली राष्ट्रीय कर्जाच्या कचेरीचा अ‍ॅक्च्युअरी झाला आणि तरीही त्या दराने होणारी विक्री बंद व्हायला १८२८ उजाडले. उत्तर बरोबर असणे आणि ते मान्य करून घेणे या दोन गोष्टींत इतके अंतर असते. १८४८ मध्ये लंडनला इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज स्थापन झाली, तेव्हा पहिला अध्यक्ष म्हणून हाच फिनलेसन निवडला गेला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

पुढचा इतिहास भरभर सांगते. इन्स्टिट्यूटने १८५० मध्ये परीक्षा सुरू केल्या. १८५६ साली एडिंबरामध्ये स्कॉटिश अ‍ॅक्च्युअरींची फॅकल्टी वेगळी स्थापन झाली. फॅकल्टीला १८६८ मध्ये आणि इन्स्टिट्यूटला १८८४ मध्ये राजसनद मिळाली. आल्बर्ट नावाची मोठी विमा कंपनी १८६९ मध्ये बुडाली आणि पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने विमा कंपन्यांना आपले हिशेब प्रसिद्ध करणे आणि ठरावीक काळाने अ‍ॅक्च्युअरीकडून तपासणी करून घेणे भाग पाडले. पहिली महिला फेलो (सर्व परीक्षा पूर्ण केलेली सभासद), डोरोथी डेव्हिस, व्हायला १९२३ साल यावे लागले. १ ऑगस्ट २०१० रोजी दोन्ही संस्था एक झाल्या आणि आजची इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ अ‍ॅक्च्युअरीज अस्तित्वात आली. एडिंबरातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना 'फॅकल्टी' हा शब्द नावात टिकला याचे अजूनही समाधान वाटते, आणि मी ते समजू शकते.

भारताचा धागा याच गोष्टीत आहे. आपल्याकडे एके काळी विमा कंपन्या भारतीयांकडून युरोपियनांपेक्षा जास्त हप्ता मागत. १८७०-७१ च्या सुमारास स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या विमा संस्थेने भारतीयांचा विमा नेहमीच्याच दराने घ्यायला सुरुवात केली. तक्ता कोणाचा आणि लावला कोणाला, हा नॉर्दम्प्टनचाच प्रश्न मुंबईत वेगळ्या रूपात उभा होता. आपली संस्था १९४४ साली अ‍ॅक्च्युअरियल सोसायटी म्हणून सुरू झाली आणि २००६ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. आजही तिच्या पेपरांची नावे ब्रिटिश पेपरांसारखीच आहेत, त्यामुळे भाचीच्या टेबलावरचा अभ्यास आणि माझा जुना अभ्यास यांत फारसा फरक नाही.

२०१९ मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासक्रमात फेलो होण्यासाठी एकूण तेरा पेपर होते. संख्याशास्त्र, आयुर्विम्याचे गणित, अर्थशास्त्र आणि वित्त यांचे पायाभूत पेपर, मग व्यवहाराचे तीन, मग आपापल्या क्षेत्राचे दोन विशेष पेपर आणि शेवटी एक सर्वांत अवघड. शिवाय नोकरीत प्रत्यक्ष केलेल्या कामाची नोंद ठेवावी लागते. काही विद्यापीठांची पदवी असेल तर सुरुवातीच्या काही पेपरांतून सूट मिळते. एडिंबराजवळचे हेरियट-वॉट त्यांपैकी एक. बहुतेक जण नोकरी सांभाळून अभ्यास करतात, कंपन्या अभ्यासासाठी रजा देतात, आणि संध्याकाळी दमून आल्यावर पुस्तक उघडण्याची ती वर्षे कोणाच्याही आठवणीतून जात नाहीत.

यातल्या गणिताविषयी मी भाचीला काळजी करू नको असे सांगितले. मला खरी अडचण आली ती सीपी-३ मध्ये, म्हणजे संवादाच्या पेपरात. तिथे आकड्यांचा आणि टिपणांचा गठ्ठा समोर ठेवलेला असतो आणि त्यातला विषय न जाणणाऱ्या माणसाला समजेल असे पत्र किंवा निवेदन तयार करायचे असते. मी पहिल्या खेपेला नापास झाले. माझ्या वरिष्ठांनी सरावाचे माझे एक पत्र समोर घेतले. एका कामगाराला त्याच्या निवृत्ती निधीचे हस्तांतरमूल्य, म्हणजे निधी दुसरीकडे न्यायचा तर हातात येणारी रक्कम, वर्षभरात का घटले ते त्यात सांगायचे होते. मी 'व्याजदराच्या गृहीतकातील बदलामुळे' असे सुरुवात करून तीन ओळींचे वाक्य लिहिले होते. त्यांनी पेन्सिलीने ते सगळे खोडले आणि समासात लिहिले, "त्याचे पेन्शन कमी झाले का? ते आधी सांग." पेन्शन कमी झालेले नव्हते. तीच रक्कम भविष्यात मिळवायला आज कमी पैसे बाजूला ठेवले तरी पुरत होते, एवढेच घडले होते. तो कामगार पत्र उघडताना ज्या धास्तीने उघडणार होता, तिचे उत्तर माझ्या पानभर मजकुरात कुठेच नव्हते.

हा पेपर काहींना दुय्यम वाटतो, पण मला तो सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याचे कारण पुन्हा इक्विटेबलच आहे. १९५७ ते १९८८ या काळात तिने विकलेल्या अनेक पॉलिसींत निवृत्तीच्या वेळी ठरावीक दराने वर्षासन देण्याची हमी होती. व्याजदर चढे होते तोवर ही हमी कोणाला जाणवलीही नाही. पुढे व्याजदर उतरले, लोकांचे आयुष्य वाढले आणि हमीचे ओझे दिसू लागले, तेव्हा हमी असलेल्यांचा अंतिम बोनस, म्हणजे पॉलिसीच्या शेवटी मिळणारी जादा रक्कम, कमी करून संस्थेने तोल सांभाळायचा प्रयत्न केला. जुलै २००० मध्ये, तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठही असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हे चालणार नाही असा निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, सव्वादोनशेहून अधिक वर्षांच्या या संस्थेने नवे विमेदार घेणे थांबवले. १९९१ ते १९९७ या काळात संस्थेचा मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तिचा नियुक्त अ‍ॅक्च्युअरी ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे होती. म्हणजे मालकाला सत्य सांगणारा आणि ते ऐकणारा यांत अंतरच राहिले नव्हते.

२००४ मध्ये इक्विटेबलविषयी पेनरोझ यांचा चौकशी अहवाल आला, २००५ मध्ये मॉरिस यांनी संपूर्ण व्यवसायाचा आढावा घेतला, आणि तोवर स्वतःच स्वतःचे मानदंड ठरवणाऱ्या या मंडळींवर बाहेरची देखरेख आली. माझ्या मते ती यायलाच हवी होती. आजच्या आचारसंहितेत सहा तत्त्वे आहेत आणि त्यांपैकी दोन थेट याच जखमेतून आलेली वाटतात: चुकीचे दिसले तर बोलावे, आणि बोललेले समोरच्याला कळेल असे बोलावे.

म्हणून भाचीला मी एक काम दिले. माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, तिने मराठीत अर्ध्या पानाचे पत्र लिहायचे. एकच सूत्रही वापरायचे नाही. विषय असा की तेवढ्याच रकमेवर साठीत घेतलेल्या वर्षासनापेक्षा सत्तरीत घेतलेले वर्षासन जास्त का मिळते. तिचे पत्र चांगले होते. 'अपेक्षित आयुर्मान' हा शब्द तिने खोडला होता आणि त्याजागी 'अजून साधारण किती वर्षे हातात आहेत' असे लिहिले होते. आईने ते चष्मा लावून दोनदा वाचले आणि फोनवर तिला विचारले, "आणि मी वर्षभरातच गेले तर माझे उरलेले पैसे कोणाला मिळतात गं?"

ते पैसे जास्त जगणाऱ्यांना मिळतात. हे आजीला कसे सांगायचे, याचे दुसरे पत्र ती सध्या लिहिते आहे.