केनियाचं क्लास आय परमिट: अडलं ते एका लेटरहेडवर

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामासाठी वर्ष-दोन वर्षं मोंबासात राहायचं ठरलं, की घरचे मलेरियाची काळजी करतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि आधी जाऊन आलेला प्रत्येक जण मच्छरदाणी न्यायला सांगतो. लेटरहेडबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तो मी काढते.

जानेवारी 2024 पासून केनियाने पर्यटक व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे प्रवासाआधी घ्यायचा ऑनलाइन परवाना, सुरू केला. तो ऑनलाइन मिळतो आणि त्यात फारशी कटकट नाही. त्यावर 90 दिवसांपर्यंत राहता येतं, पण पाहुणा म्हणून. ‘मी कुठे पगार घेते, मी तर सेवा करते’ हे आपल्या मंडळीत चालतं, तिथल्या कायद्यात नाही. बिनपगारी शिकवणं असो, चर्चच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणं असो, त्यासाठी स्पेशल पास किंवा परमिट हवंच. काम थोड्या महिन्यांचं असेल तर स्पेशल पासवर भागतं. त्याहून जास्त असेल तर धर्मकार्य आणि सेवाभावी कामासाठीचा वर्ग म्हणजे क्लास आय. अर्ज सरकारी पोर्टलवर भरायचा, त्याला फॉर्म 25 जोडायचा. फी बदलत असते, तेव्हा कोणी सांगितलेला आकडा धरून बसू नका, अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर जो दिसेल तो खरा.

भारतातले कागद पटापट होतात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून, 500 रुपये, अर्जात देश केनिया निवडायचा. पासपोर्टवरचा पत्ता आणि सध्याचा पत्ता एकच असेल तर काम लवकर उरकतं, नाहीतर पोलीस चौकीची फेरी आहेच. मंडळीचं शिफारसपत्र, पदवी, फोटो, पासपोर्टची प्रत, झालं.

आणि मग सगळं थांबतं. कारण अर्जावर नाव आपलं असलं तरी तो उभा असतो तिथल्या संस्थेच्या कागदांवर, आणि ते कागद आपल्या हातात नसतात. माझं घोडं जिथे अडलं त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. माणसं प्रेमळ होती, चहा दर वेळी मिळाला.

पहिली गोष्ट, ज्या मंडळीत तुम्ही काम करणार तिने दिलेलं पत्र बहुतेक वेळा चालत नाही. तिथली चर्चेस सोसायटी म्हणून नोंदलेली असतात आणि नोंदणी असते वरच्या संस्थेची, म्हणजे मुख्यालयाची, बहुधा नैरोबीत. गावच्या पाळकाने कितीही कळकळीने लिहिलं तरी त्याच्या पत्रामागे नोंदणी प्रमाणपत्र नसतं. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये विचारा: नोंदणी कोणाच्या नावावर आहे, प्रमाणपत्राची स्कॅन प्रत आहे का, संस्थेचा करखात्याचा पिन (करदाता क्रमांक) आहे का, आणि टॅक्स कम्प्लायन्स सर्टिफिकेट, म्हणजे कराची बाकी नसल्याचा दाखला, चालू आहे का. हे शेवटचं बारा महिन्यांपुरतं असतं. एखादं विवरणपत्र भरायचं राहिलं असेल तर नवीन निघत नाही, आणि चर्चच्या खजिनदाराला ‘आम्ही कुठे कर भरतो’ असं मनापासून वाटत असतं. कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावंच लागतं, हे त्यांना परदेशातून आलेल्या पाहुणीने समजावून सांगणं किती अवघड आहे याची कल्पना करा.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्राचा मजकूर. इमिग्रेशनच्या महासंचालकांच्या नावे, संस्थेच्या लेटरहेडवर. त्यात तुमचं नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर, पासपोर्ट क्रमांक, कोणतं काम, कुठे, किती काळ, राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार, आणि हे काम स्थानिक माणूस का करत नाही याची दोन वाक्यं. चर्चच्या कार्यालयातून येणारं पहिलं पत्र मात्र असं असतं: ‘प्रभूच्या नावाने सलाम, आमच्या भगिनी फार प्रामाणिक असून...’ भावना छान, कामाचा एक शब्द नाही.

नावाचा घोळ तर खास आपल्याकडचा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या कागदांवर तर तीन माणसं नांदतात. तिथल्या लिपिकाला पहिला शब्द म्हणजे पहिलं नाव वाटतं, आणि पत्रात तुम्ही ‘मिस साळवे’च्या जागी वडिलांच्या नावाने ‘मिस योहान’ होऊन बसता. भारतातूनच एक प्रतिज्ञापत्र करून न्या, की ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर लावा नाहीतर पाचशेचा, पण न्याच.

तिसरी गोष्ट, आणि इथे माझा संयम संपला: शिक्का. केनियात शिक्क्याशिवाय पत्र म्हणजे कोरा कागद. आपल्याला त्यात नवल नाही, आपणही त्याच मातीतले. पण तिथला शिक्का तारखेचा असतो, मधे फिरवायच्या रबरी पट्ट्या. पत्र टाइप झालं एका तारखेला, अध्यक्ष दौऱ्यावर, सही झाली नंतर, आणि शिक्का मारला तेव्हा पट्टी फिरवायची राहून गेलेली. पत्रावर एक तारीख, सहीखाली दुसरी, शिक्क्यात तिसरी, तीही पत्राच्या आधीची. असा कागद परत येतो, आणि परत आल्याचं कळायलाही पोर्टल रोज उघडून बघावं लागतं. शिवाय लेटरहेडवर जुना पी.ओ. बॉक्स. केनियात घरोघर पोस्टमन येत नाही, सगळा पत्रव्यवहार बॉक्स नंबरवर, त्यामुळे लेटरहेडवरचा बॉक्स आणि नोंदणी कागदांवरचा बॉक्स वेगळा दिसला की लगेच प्रश्न येतो. नवं लेटरहेड छापायचं तर समितीची बैठक हवी. बैठक महिन्यातून एकदा.

यावर उपाय एकच. मसुदा आपण टाइप करायचा, वर्ड फाइल पाठवायची, सही कोण करणार (अध्यक्ष की सचिव) हे आधी लेखी विचारायचं, आणि स्कॅन आल्यावर तीनही तारखा भिंग लावून बघायच्या. कोणी रागावत नाही. उलट त्यांना हायसं वाटतं.

हे सगळं भारतात असतानाच उरका. अर्ज केनियाबाहेरूनही करता येतो. ‘आधी ये, मग बघू’ असं प्रेमाने सांगणारे भेटतील, पण ईटीएचे 90 दिवस लेटरहेडच्या समितीसाठी थांबत नाहीत. मग मधल्या काळापुरता स्पेशल पास काढावा लागतो, आणि त्यालाही लागतं तेच पत्र.

लस सांगायची राहिली. पिवळ्या तापाची. केनियाहून परतताना ती घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रात मिळते, मूळ पासपोर्ट लागतो, आणि कार्ड लागू होतं दहा दिवसांनी, म्हणून आदल्या आठवड्यात धावू नका. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी फोडली की ती सहा तासांत संपवावी लागते, त्यामुळे केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. 2016 पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं.

परमिट मंजूर झालं, पैसे भरले, पासपोर्टवर नोंद झाली, की परदेशी नागरिकाचं ओळखपत्र. 90 दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याला ते काढावंच लागतं. बोटांचे ठसे देऊन यायचं आणि पावती जपून ठेवायची, कार्ड येईपर्यंत तीच दाखवायची.

मोबाइलवरचे पैसे म्हणजे एम-पेसा, 2007 पासून तिथे तेच चालतं. भाजी, टुकटुक, रविवारचं अर्पण, सगळं त्यावर. सिम मूळ पासपोर्टवर घ्या आणि नोंदवलेलं नाव दुकानातून निघायच्या आधी वाचा. पैसे पाठवताना समोरच्याच्या पडद्यावर तेच दिसतं, आणि तिथे ‘मिस योहान’ दिसली की कोषाध्यक्ष बुचकळ्यात पडतात. विजेचे पैसेही असेच भरायचे. मीटर प्रीपेड, वीस आकडी टोकन येतं, ते मीटरच्या बटणांवर दाबायचं. रात्री अंधारात ते दाबायची वेळ येऊ नये म्हणून थोडी युनिटं नेहमी शिल्लक ठेवा.

वेळेचं लक्षात ठेवा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून उपासना ‘तीन वाजता’ म्हणजे सकाळी नऊ. घड्याळातून सहा तास वजा केले की जमतं. नवख्याला उपासनेत उभं करून चार शब्द बोलायला लावतात. दोन वाक्यं स्वाहिलीत पाठ करून जा. तुम्ही भारतीय म्हणजे दुकानदार किंवा हिंदू असणार, असं बहुतेकांना वाटतं. ख्रिस्ती म्हटल्यावर ‘कधीपासून?’ असा प्रश्न येतो.

त्याला नाशिककरांकडे झकास उत्तर आहे. मोंबासा बेटावरून न्याली पूल ओलांडला की फ्रियरटाउन लागतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या शरणपूरला मिशनने वाढवली, शिकवली, आणि 1875 च्या सुमारास त्यांतल्या अनेकांना इथे आणून वसवलं. वस्तीला नाव दिलं मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शवासोबत इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट शरणपूरचाच. जवळच्या चौकाचं नाव केंगेलेनी, तिथल्या जुन्या घंटेवरून पडलेलं. ‘कधीपासून?’ला मी तोच चौक दाखवते.

सामानात प्लास्टिकच्या कॅरीबॅग घेऊ नका, 2017 पासून बंदी आहे. चपला गुंडाळायला कापडी पिशव्या. प्लग ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे, अडॅप्टर इथूनच न्या. कुकर न्या. तूरडाळीची चिंता नको, तूर तिथे पिकते, किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजवून नाश्त्याला खातात. ताप आला तर आधी मलेरियाची रक्ततपासणी, मग गोळी. परतल्यावर काही महिन्यांतही ताप आला तर डॉक्टरांना केनियाचं नाव सांगा, तिथला मलेरिया बहुतेक फॅल्सिपेरम या जिवावर बेतणाऱ्या प्रकारचा असतो, अंगावर काढण्यासारखा नाही.

आणि परमिटचं नूतनीकरण मुदत संपायच्या तीन महिने आधी हातात घ्या. पत्र पुन्हा लागतं, टॅक्सचं प्रमाणपत्रही नवं. या वेळी मसुदा मी छापूनच नेणार आहे, आणि शिक्का मारायच्या आधी त्यातली तारीखही मीच फिरवणार.