चौथं शीट: कालाकमुलला पोचायची गोष्ट

क्वात्रो. स्पॅनिशमध्ये चार. मेक्सिकोला जाण्याआधी मी फोनवर तीन महिने स्पॅनिशचे धडे गिरवले होते, पण आज त्यातला हा एकच शब्द झोपेतही आठवतो. कारण श्पुहिल नावाच्या गावात, हायवेच्या चौकात, एका माणसाने तो मला दीड दिवसात किमान वीस वेळा ऐकवला. गाडी चार माणसं झाली तरच सुटणार. आम्ही दोन होतो, मी आणि आप्पा.

कालाकमुल हे माया लोकांचं एके काळचं प्रचंड मोठं शहर. मेक्सिकोच्या कांपेचे राज्यात, ग्वाटेमालाची सीमा तिथून पस्तीसेक किलोमीटरवर. १९३१ साली सायरस लंडेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते विमानातून पाहिलं तेव्हा ते पूर्ण जंगलाखाली होतं, आणि आजही बरंचसं तसंच आहे. भोवतीचं राखीव जंगल सव्वासात लाख हेक्टरांच्या आसपास. चिचेन इत्सा या प्रसिद्ध माया शहरासारखी कानकुनहून थंडगार बसमध्ये बसून सकाळी जा, संध्याकाळी परत या, अशी ही जागा नाही. म्हणूनच मला जायचं होतं. आप्पा अमेरिकेत माझ्याकडे डॅलसला सहा महिन्यांसाठी आले होते आणि मॉल बघून कंटाळले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये निघालो.

व्हिसाचं कोणी विचारेल म्हणून सांगते: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. आप्पांचा टुरिस्ट व्हिसा होता, काही अडचण आली नाही. विमान, कानकुन, बाकालारचा तलाव, सगळं छान झालं.

नकाशा मात्र डोक्यात पक्का असू द्या, नाहीतर माझ्यासारखं होतं. चेतुमाल ते एस्कार्सेगा हा १८६ नंबरचा हायवे जंगलातून पूर्व-पश्चिम जातो. त्याच्या मध्यावर श्पुहिल. तिथून पश्चिमेला पंचावन्न-साठ किलोमीटर गेलं की कोनवासजवळ डावीकडे फाटा फुटतो, आणि त्या फाट्यापासून अवशेषांपर्यंत आणखी साठ किलोमीटर. हायवेवर बस आहे, कोलेक्तिवो आहेत, म्हणजे आपलं वडापच. ते तुम्हाला फाट्यावर आनंदाने उतरवतील. पुढच्या साठ किलोमीटरवर तेव्हा बस नव्हती, वडाप नव्हतं, चहाची टपरीसुद्धा नव्हती. मी घरी बसून "शेवटचे साठ किमी, बघू तिथे गेल्यावर" असं वहीत लिहिलं होतं. ती वही अजून आहे.

खरं तर गाडी भाड्याने घ्यायची होती. कानकुनला बुकिंगही होतं, इंटरनेटवर दर इतका स्वस्त की मी स्वतःवर खूश. काउंटरवर कळलं की समोरच्याच्या नुकसानीचा विमा मेक्सिकोत सक्तीचा आहे, तो त्या दरात नाही, आणि माझ्या क्रेडिट कार्डाचं कव्हर त्याला चालत नाही. रक्कम तिप्पट झाली. मला राग आला, मी बुकिंग सोडून बाहेर पडले. आप्पा म्हणाले, "तिप्पट तर तिप्पट, किती होत्यात ते तरी बघ." मी बघितलं नाही. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, ते पैसे द्यायला हवे होते. तुम्ही द्या. विम्यासकट दर आधीच विचारून ठेवा, म्हणजे काउंटरवर डोकं फिरणार नाही.

तर बाकालारहून चेतुमाल, तिथून बसने दोनेक तासांत श्पुहिल. एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंनी टायरची आणि कोंबडीची दुकानं. संध्याकाळी चौकातल्या एका टूरवाल्याकडे गेलो. नाव सांगत नाही. कालाकमुलला उद्या जाल का? जाऊ. क्वात्रो. आम्ही दोघं. मग त्याने फोन लावला, बोलला, आणि हसत दोन बोटं वर केली: बाकालारकडून एक जोडपं येतंय, रात्री इथेच राहणार, उद्या ते दोघं आणि तुम्ही दोघं. सकाळी सहाला इथेच या. सहाशे पेसो आगाऊ. दिले.

आता घड्याळाची गोष्ट, ज्यासाठी हा सगळा लेख लिहितेय. चेतुमाल, बाकालार, कानकुन हे किंताना रो राज्यात. श्पुहिल कांपेचे राज्यात, हद्द ओलांडली की लगेच. किंताना रोचं घड्याळ कांपेचेच्या एक तास पुढे असतं. माझ्या फोनने बसमध्येच गुपचूप वेळ बदलली होती. मला ते माहीत होतं आणि त्याचा अभिमानही होता. आप्पांचं एचएमटी त्यांनी कानकुनला एक तास पुढे केलं होतं, ते तसंच.

पहाटे आप्पा आंघोळ करून, कानटोपी घालून तयार. "चल, पावणेसहा झाले." मी फोन बघितला. पावणेपाच. म्हटलं, "आप्पा, तुमचं घड्याळ चुकलंय, झोपा तासभर." ते कॉटवर बूट घालूनच बसून राहिले. झोपले नाहीत.

माझ्या फोनचे सहा वाजायला पाच मिनिटं असताना आम्ही चौकात. उजाडायला लागलं होतं. गाडी उभी, मालक बॉनेटला टेकून उभा, आणि चेहरा पडलेला. दोस, म्हणाला. दोन. ते जोडपं सहालाच आलं होतं. त्यांच्या सहाला. त्यांचे फोन चेतुमालच्या वेळेवर राहिले होते म्हणे. अंधारात वीस-पंचवीस मिनिटं उभे राहिले, कोणी दिसेना, तेव्हा जाणाऱ्या एका टॅक्सीला थांबवून निघून गेले. हे सगळं मालकाला समोरच्या पावाच्या दुकानातल्या बाईने सांगितलं, कारण मालक स्वतः कांपेचेच्या सहाच्या हिशेबाने आला होता.

म्हणजे सहा वाजताच आलो होतो सगळे. आणि आप्पांच्या घड्याळावर गेलो असतो तर ते दोघं तिथे भेटले असते, चौघं मिळून मालकाची वाट बघितली असती, नाहीतर त्याच टॅक्सीत बसलो असतो. आप्पा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी नुसतं मनगट उलटं करून घड्याळ पुसलं. ते पुसणं मला अजून दिसतं.

मी मालकाशी भांडले. फोनवरचं भाषांतर दाखवून भांडण जमत नाही, आपण तावात टाइप करतो आणि समोरचा शांतपणे वाचत बसतो. त्याचं म्हणणं साधं होतं: आणखी दोघं येतील, थांबा. सात वाजले. आठ वाजले. दोन जर्मन मुली आल्या, त्यांच्याकडे स्वतःची गाडी होती, त्यात सामान छतापर्यंत. साडेआठला एक माणूस आला, त्याला पालेंकेला जायचं होतं. दर वेळी कोणी पाठीला सॅक लावून दिसलं की मालक ताठ उभा राहायचा आणि मीही. नऊनंतर तो म्हणाला, आता निघून उपयोग नाही, एवढं लांब जाऊन येणं व्हायचं नाही. उद्या. आगाऊ रक्कम उद्यासाठी धरतो. उद्या किती माणसं आहेत? दोस.

मी चौकातल्या कठड्यावर बसून रडायच्या बेतात होते. आप्पा कराड डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यभर त्यांनी डेपोच्या दारात उभ्या राहून प्रवासी पळवणाऱ्या वडापवाल्यांना हाकललंय. ते म्हणाले, "ह्यो वडापवालाच हाय. पण वडापवाला आरडतो तरी. ह्यो नुसता हुबा ऱ्हातो. अशानं शिटं भरत न्हाईत." मग म्हणाले, "त्याचे पैसे माग आधी."

पैसे मिळाले, शंभर पेसो कापून. शंभर कशाचे, तर फोनचे.

दिवस घालवायला टॅक्सीने सातेक किलोमीटरवरच्या बेकानला गेलो. शहराभोवती खंदक आहे, भुईकोट किल्ल्यासारखा. चांगलं असेल. माझं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी जेवायला गेलो तिथे सहा-सात टेबलं. मी फोनमध्ये तोंड घालून बसलेली, आणि बघते तर आप्पा उठून टेबलाटेबलाला जातायत. एक बोट स्वतःकडे, "कालाकमुल?", मग हवेत स्टिअरिंग फिरवून, "मान्याना?", म्हणजे उद्या, मग चार बोटं. मला लाजेने मेल्यासारखं झालं. तिसऱ्या टेबलावर पुएब्लाचं एक निवृत्त जोडपं होतं, दोघंही शाळेत शिकवायचे. तेसुद्धा दोन दिवस कुणाची तरी वाट बघत अडकले होते, दुसऱ्या एका टूरवाल्याकडे. दोन अधिक दोन! एवढंच गणित, आणि गावातल्या दोन दुकानांना ते जमत नव्हतं, कारण दोघांनाही आपलीच गाडी भरायची होती.

मास्तरांनी हॉटेलच्या मालकिणीकडून टॅक्सी ठरवली. पूर्ण दिवस, जायचं-यायचं, तिथे पाच तास थांबायचं, सोळाशे पेसो. माणशी चारशे. टूरवाला माणशी हजाराच्या वर मागत होता. निघायचं पाचला. मी विचारलं, कुठल्या पाचला? मास्तरीण बाई खळखळून हसल्या आणि कागदावर लिहून दिलं: ओरा दे कांपेचे, म्हणजे कांपेचेची वेळ. तुम्हीही लिहून घ्या. प्रत्येक वेळेसमोर राज्याचं नाव लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशी सगळं इतकं सुरळीत झालं की सांगण्यासारखं फारसं नाही. फक्त पैसे सुटे न्या. तीन ठिकाणी तिकीट फाडतात: फाट्यावर गावकीचं, वीसेक किलोमीटर आत गेल्यावर राखीव जंगलाचं, आणि शेवटी पुरातत्त्व खात्याचं. तिन्हीकडे आम्ही रोखच दिले, आणि माझ्या पाचशेच्या नोटेला पहिल्याच नाक्यावर सुटे नव्हते. आतला रस्ता तेव्हा एका गाडीपुरता, खड्डे, वळणं. समोरून गाडी आली की कुणीतरी झाडीत घुसायचं. सकाळी लवकर गेलात तर रस्त्यावर रानटर्की दिसतात, मोरासारखे निळे-हिरवे चमकणारे, आणि हॉर्न दिला तरी ढिम्म हलत नाहीत. टॅक्सीवाला इंजिन बंद करून थांबला. पेट्रोल श्पुहिललाच भरून घ्यायचं, हे गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी. पाणी आणि खाणं बरोबर, आत काही मिळत नाही.

आणि कालाकमुल. सहा हजारांवर बांधकामं सापडलीत, त्यातली बरीच अजून झाडांखाली मातीचे ढिगारेच आहेत. ११७ कोरीव शिळा, पण चुनखडीचा दगड मऊ, बहुतेकांवरचे राजे पार विरघळून गेलेत, आणि काही शिळांचे दर्शनी भाग चोरांनी करवतीने कापून नेलेत. इथल्या राजघराण्याचं चिन्ह साप. तिकाल या दुसऱ्या माया शहराशी त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं वैर, आणि ६९५ साली तिकालने त्यांना हरवलं. मास्तरांनी सांगितलं की इथे बैल नव्हते, घोडे नव्हते, गाडीचं चाकही नव्हतं. मीठ, मका, चुना, सगळं माणसांच्या पाठीवर, चुन्याने पांढरे केलेल्या सकबे नावाच्या रस्त्यांवरून. २००४ मध्ये इथे एका इमारतीवर रंगवलेली चित्रं सापडली, त्यात राजे नाहीत, बाजार आहे: मक्याची पेज वाटणारी बाई, मीठवाला, तंबाखूवाला. ती चित्रं बघायला मिळत नाहीत, बंद ठेवलीत. मला राजांपेक्षा तीच बघायची होती.

मोठा पिरॅमिड पंचेचाळीसेक मीटर उंच. आम्ही गेलो तेव्हा वर चढू देत होते. आप्पा दर रविवारी सदाशिवगड चढतात, ते माझ्या आधी वर. मी धापा टाकत पोचले तेव्हा ते कानटोपीने वारा घेत बसले होते. चारी दिशांना जंगल, ना विजेचा खांब, ना मोबाइलचा मनोरा. खाली कुठेतरी हाउलर माकडं ओरडत होती, वाघ डरकाळी फोडतोय असं वाटणारा आवाज. आप्पा बराच वेळ दक्षिणेकडे बघत होते. म्हणाले, "एवढं लांबून मीठ आणायचं म्हंजी मुक्कामी फेऱ्या असणार."

राहायचं असेल तर श्पुहिलपेक्षा कोनवासच्या बाजूला राहा, फाट्याजवळ राहायच्या सोयी आहेत, सकाळचा तास वाचतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, डास आहेत. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट माफ असतं, त्यामुळे गर्दी असते. पण एकटे असाल आणि गाडीत जागा शोधत असाल तर ती गर्दी कामाची. आता माया रेल्वेही या बाजूने धावते, कालाकमुल नावाचं स्टेशन झालंय. नावावर जाऊ नका. ते हायवेच्या बाजूला आहे, पिरॅमिडच्या पायथ्याशी नाही. स्टेशनातून बाहेर पडल्यावर आतला रस्ता गाडीनेच कापायचा आहे.

परत निघताना बसच्या खिडकीवर मी चेतुमालची दोन तिकिटं मागितली आणि विचारलं, ही वेळ कुठली? खिडकीतल्या मुलीने मान वरही केली नाही. तिने पेन घेतलं आणि छापलेल्या वेळेशेजारी दुसरी वेळ लिहिली, एकाखाली कांपे., दुसऱ्याखाली चेतु., आणि तिकिटं सरकवली. शेजारी आधीच लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा होता. म्हणजे गावात सगळ्यांना माहीत होतं.