ऑस्करचा विषय निघाला की मी गप्प का होते

सप्टेंबरात भारताची ऑस्करसाठीची प्रवेशिका जाहीर झाली की त्याच संध्याकाळी फोन सुरू होतात. यंदाची निवड पटली का? दुसरा कुठला पाठवायला हवा होता? एरवी सिनेमावर बोलायला बसले की चहा गार होतो तरी भान नसतं, आणि नेमक्या या प्रश्नावर मी विषय बदलते. दोघातिघांनी तर तोंडावर सांगितलं की बाईंना आता पुरस्कारांचा तिटकारा आलाय. एकदाच नीट सांगते, म्हणजे पुन्हा कोणी विचारणार नाही.

तिटकारा मुळीच नाही. मला पुरस्कारांचं वेड होतं, अजूनही पुरतं गेलेलं नाही. 'शोले'ला फिल्मफेअरचा एकुलता एक पुरस्कार मिळाला तो संकलनाचा, आणि तो घेतला आपल्या एम. एस. शिंदे यांनी, हे मी भल्याभल्यांना ऐकवत आले आहे. त्या वर्षी 'दीवार' सर्वोत्कृष्ट ठरला आणि तो निर्णय मला आजही पटतो. यावरून माझ्या सख्ख्या भावाशी वाजलंय. 'पाकीजा'च्या संगीताला डावललं म्हणून प्राण यांनी 'बेईमान'मधल्या भूमिकेसाठीचा आपला पुरस्कार नाकारला. संगीतकार गुलाम मोहम्मद तर तोवर हयातही नव्हते. ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो तो चढतोच. २०१३ साली 'द लंचबॉक्स' मागे ठेवून ऑस्करला 'द गुड रोड' पाठवला, तेव्हा मी आठवडाभर शिक्षकांच्या खोलीत भांडत होते. 'द गुड रोड' मी पाहिलेला नव्हता. हे आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

न पाहिलेल्या सिनेमावरून भांडायची ही सवय कुठून लागली ते मला माहीत आहे.

२००४. 'श्वास'ला सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला ते मिळालं होतं. आणि पाठोपाठ बातमी आली की भारतातर्फे ऑस्करला 'श्वास'च जाणार. मी कोल्हापूरला जाऊन तो दोनदा पाहिला होता. नातवाचा जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील हे आजोबांना कळतं, तिथे अरुण नलावडे यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी पदर तोंडात धरला होता. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण गेलं का घरचं?

अमेरिकेत सिनेमा नेऊन पोचवायचा तर पैसा लागतो. ऑस्करसाठी मत देणाऱ्या तिथल्या सदस्यांसाठी खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, प्रसिद्धीला माणसं नेमायची. निर्मात्यांकडे तेवढा पैसा नव्हता, म्हणून महाराष्ट्रभर लोक मदत करत होते, शाळांतली मुलंसुद्धा. आमची तालुक्याच्या गावची मराठी शाळा. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रार्थनेच्या वेळी उभी राहिले. मला गोष्ट सांगता येते. कोकणातला परशा, त्याचे आजोबा, पुण्याचं हॉस्पिटल, ऑपरेशन. सगळं सांगितलं आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आजोबा त्याला वॉर्डातून घेऊन बाहेर पडतात तिथे थांबले. पटांगणात चिडीचूप. मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा दाखवला, झाकणाला चीर पाडलेला.

चार दिवसांत एक हजार तीनशे चाळीस रुपये जमले. पन्नास पैसे, रुपया, दोन रुपये.

सातवीतला एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला, हा आजोबांपाशी. त्याने वहीच्या कागदात गुंडाळलेली दहाची नोट आणली, चार घड्या घातलेली. कागदावर आजोबांनी थरथरत्या हाताने त्याचं नाव, इयत्ता, तुकडी लिहिली होती, फीचे पैसे पाठवावेत तसं. नोट काही चिरेतून जाईना, म्हणून मी झाकण उघडलं. टाकताना तो म्हणाला, "बाई, त्या पोराचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, "सिनेमा बघशील तेव्हा कळेल."

डीडी काढून पाठवला. जानेवारीच्या अखेरीस पाच नामांकनं आली, त्यात 'श्वास' नव्हता. मी सकाळी वर्गात गेले ती रडवेल्या तोंडानेच. मुलांना सांगितलं की आपल्याला नाही मिळालं, तरी आपण मान खाली घालायचं कारण नाही, वगैरे. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तोच मुलगा उभा राहिला.

"बाई, मग आता आपल्याला दाखवणार ना?"

त्या क्षणी मला कळलं की माझ्या शाळेतल्या एकाही मुलाने 'श्वास' पाहिलेला नाही. आमच्या गावच्या टॉकीजला तो लागलाच नव्हता. जिथे कोणी आम्हाला ओळखत नाही अशा शहरातल्या लोकांनी तो बघावा म्हणून आम्ही डबा फिरवला होता. दुपारी टॉकीजच्या मालकांना जाऊन विचारलं, की सकाळचा एक खेळ शाळेसाठी लावायचा झाला तर किती पडतील? त्यांनी जो आकडा सांगितला, तो डब्यातल्या रकमेत माझ्या पगारातले थोडे घालून सहज भागला असता. तेही केलं नाही मी. परीक्षा आल्या, तपासणी आली, उन्हाळा आला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मुलगा पटावर नव्हता. आजोबा वारले होते, आईबापांनी त्याला बरोबर नेलं होतं.

यात निर्मात्यांचा काडीचा दोष नाही. त्यांनी आमच्या गावात येऊन काही मागितलं नव्हतं. डबा माझा होता, कल्पनाही माझीच.

२००४ मधली मी आज समोर आली तर जोरात भांडेल, मला ठाऊक आहे. म्हणेल, दहा रुपये देताना त्या पोराची मान ताठ होती ती तू विसरलीस. मराठी सिनेमा आपला आहे, हे त्या शाळेत पहिल्यांदा कोणाला तरी वाटलं. सुवर्णकमळ मिळालं नसतं तर तू स्वतः तरी कोल्हापूरला दुसऱ्यांदा गेली असतीस का? या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. नसते गेले.

पण तिला मीही विचारीन: सिनेमा चांगला की वाईट हे दूरची माणसं ठरवतात आणि आपण पैसे पाठवून निकालाची वाट बघायची, हेच त्या मुलांना शिकवलंस ना?

त्या वर्षीची नामांकनं मी पुढे फिल्म सोसायटीत पाहिली. 'द सी इनसाइड'ला ऑस्कर मिळालं होतं. 'डाउनफॉल' पाहून आल्यावर झोप लागली नाही. 'श्वास'वर अन्याय झाला असं आज मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पुन्हा पाहताना काही प्रसंग जास्त समजावून सांगणारे वाटले. आजोबांचा तो चेहरा मात्र तिथेच आहे, आणि त्याला कुठल्या नामांकनाची गरज होती असं मला वाटत नाही. हे लिहिताना मात्र मनात येतंच की मिळायला हवं होतं. अजूनही हवं होतं.

पुढेही तसंच होत राहिलं. 'कोर्ट'ला सुवर्णकमळ मिळालं, तो ऑस्करलाही गेला. मी पाहिला तेव्हा थिएटरात आम्ही अकरा जण होतो. 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं आणि आमच्या गावात तो लागलाच नाही. म्हणून तुम्ही निवडीचं विचारता तेव्हा माझ्या तोंडात एवढंच येतं की तो लागलाय कुठे? आणि हे विचारलं की लोकांना वाटतं बाई टाळतात.

एक केलं. फेब्रुवारी २०१० मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ला दोन टेम्पो करून मुलांना कोल्हापूरला नेलं. वर्गणी काढली नाही, भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली. घरातलं सामान विकून सिनेमा काढणारे फाळके आणि त्यांना साथ देणाऱ्या सरस्वतीबाई बघून मुलं खुर्चीतून उड्या मारत होती. येताना टेम्पोत सगळी फाळके झालेल्या नंदू माधव यांच्यासारखी भराभर चालून दाखवत होती, टेम्पो हलायला लागला तेव्हा ड्रायव्हर ओरडला. एका मुलीने विचारलं, "बाई, याला काय मिळालं?"

मी सांगितलं, भारताने ऑस्करला पाठवला होता, नामांकन नाही मिळालं.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "का? आपण पैसे पाठवले नाहीत म्हणून?"

टेम्पो घाटात होता. मी तिला काय सांगितलं ते मला आठवत नाही.