आंबा घाटात लागणारा पिवळा दिवा

डॅशबोर्डवरचा दिवा लाल असता तर गाडी जागच्या जागी उभी केली असती. हा पिवळा होता, आणि वागायलाही लहरी. रत्नागिरी, लांजा, राजापूर या पट्ट्यात मासळीचे क्रेट टाकत फिरलो तर डॅशबोर्ड स्वच्छ. हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघालो, साखरपा मागे पडून आंबा घाटाची चढण लागली, की इंजिनाचं चित्र उजळायचं आणि गाडीतली ताकद गेलीच म्हणून समजा. ॲक्सिलरेटर तळाला टेकलाय, गाडी दुसऱ्या गिअरवर रडतेय आणि मागे एसटीवाला हॉर्नवरचा हात काढत नाहीये. वर आंबा गावात चहा घेऊन पुन्हा चावी मारली की ताकद परत यायची. दिवा मात्र तसाच.

पिकअप बीएस-६ डिझेल. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना हे नियम लागले आणि त्यांच्याबरोबर सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ आलं. धुरातली काजळी अडवणारी ही जाळी. ती भरत आली की गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून तिथलं तापमान सहाशे अंशांच्या घरात नेतो आणि काजळी जाळून टाकतो. त्याला आम्ही सगळे ‘रीजन’ म्हणतो. गाडी थोडी जास्त आरपीएमवर घुमते, पंखा सुरू राहतो, जळका वास येतो. गाडी लांब पल्ल्याला पळत असेल तर ते कधी होऊन गेलं हे कळतही नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी-२४६३. डीपीएफमध्ये काजळी जास्त झालीय. त्यांनी गाडी उभी करून रीजन मारलं, कोड पुसला, बिल हातात दिलं. “गावात फिरवता ना, म्हणून होतं. अधूनमधून हायवेला पळवा.” मी आठवड्याला हायवेवर असतो हे सांगून झालं, पण पुढची गाडी रांगेत होती. पुढच्या भाड्याला घाटात दिवा पुन्हा हजर. या वेळी सोबत आणखी एक कोड होता, पी-०२९९, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब कमी पडतोय. त्यावर मॅप सेन्सर बदलला गेला. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा हा सेन्सर. नवा बसला, कोड पुसले, दिवा विझला, आणि घाटाने पुन्हा पेटवला.

मग सल्ल्यांचा पाऊस. एकाने टर्बोच गेलाय असं सांगून आकडा ऐकवला, तो ऐकून मी चहा तसाच ठेवून उठलो. दुसऱ्याचा उपाय स्वस्त होता: डीपीएफ पोकळ करून घे, सॉफ्टवेअर मारून घे, दिवा जन्मात लागणार नाही. करतात लोक. पण ते बेकायदा आहे, मालवाहू गाडी पासिंगला न्यावीच लागते, आणि दिव्याची वायर तोडण्यापेक्षा हे काही फार वेगळं नाही.

मला दोन गोष्टी खटकत होत्या. पहिली, दिवा सपाटीला लागत नाही, रिकाम्या गाडीला लागत नाही. काजळीच मूळ असती तर तिने चढण कशाला बघितली असती? दुसरी गोष्ट डिपस्टिकवर होती. इंजिन ऑइलची पातळी वाढत चालली होती. “कमी होत नाही ना, मग झालं तर,” असं म्हणून लोक हसले. पण बाहेरून कोणी ओतत नसताना ऑइल वाढतंय म्हणजे त्यात काहीतरी मिसळतंय. बोटावर घेऊन वास घेतला, डिझेल. रीजनसाठी सिलिंडरमध्ये उशिरा सोडलेलं डिझेल थोडं भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे रीजन गरजेपेक्षा फारच वेळा होत होतं. काजळी कुठून तरी भरमसाट येत होती, आणि आम्ही जाळीच साफ करत बसलो होतो.

ईएलएम-३२७ नावाचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा आणि मोबाइलच्या ॲपवर वाचायचं. त्यात ‘फ्रीझ फ्रेम’ असते हे तेव्हा कळलं. दोष नोंदवला त्या क्षणाचे आरपीएम, वेग, इंजिनवरचा भार, तापमान असे आकडे कॉम्प्युटर गोठवून ठेवतो. कोड पुसला की तेही पुसले जातात. म्हणजे इतके दिवस प्रत्येक जण बिल फाडायच्या आधी पुरावा धुऊन टाकत होता! दिवा मधूनच आपोआप विझायचा त्याचंही कारण लक्षात आलं. दोष पुन्हा दिसला नाही तर गाडी चालू-बंद करण्याच्या साधारण तीन फेऱ्यांनंतर कॉम्प्युटर स्वतःच दिवा मालवतो, कोड मात्र आठवणीत ठेवतो. आठवडाभर सपाटीला फिरलो की नेमकं तेच व्हायचं.

पुढच्या खेपेला दिवा लागल्यावर काहीच पुसलं नाही. फ्रीझ फ्रेममध्ये वेग कमी, भार जवळजवळ पूर्ण आणि आरपीएम दोन हजारांच्या वर. टर्बोने जोर लावायचा नेमका क्षण. नवा मॅप सेन्सर बरोबर वाचतोय का, हेही घरच्या घरी तपासता आलं. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली की तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. रत्नागिरीत १०० किलोपास्कलच्या आसपास, आंब्याला वर ९३-९४. उंचीप्रमाणे उतरायला हवा तसा उतरला होता. सेन्सर ठीक.

मलकापूरच्या अलीकडे एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो. त्याच्याकडे मोठा स्कॅनर आहे, त्यात कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी शेजारी दिसतात. त्याने आधी कोड विचारलाच नाही.

“पाव्हणं, दिवा लागला तवा गाडीत माल किती हुता?”

दीड टन म्हटल्यावर तो माल खाली न उतरवताच शेजारी बसला आणि आम्ही परत घाटाकडे वळलो. थोडं खाली उतरून गाडी फिरवली आणि चढायला लागलो. मागणी २१०-२२० किलोपास्कल, मिळकत १६५ वर अडकलेली. ॲक्सिलरेटर सोडला की दोन्ही आकडे एकत्र. “टर्बो फिरतोय, आवाज बी चांगला हाय,” तो म्हणाला, “वारं वाटंत सांडतंय.”

गॅरेजला आल्यावर त्याने टर्बोच्या तोंडाकडचा पाइप काढला, तिथे टायरचा व्हॉल्व्ह बसवलेलं एक बूच क्लॅम्पने आवळलं आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमधून बेताने १५ पीएसआयपर्यंत हवा भरली. टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर, त्याचे होज म्हणजे रबरी पाइप, सगळे जोड, सगळीकडे साबणाचं पाणी मारलं. वरून काही नाही. गाडीखाली शिरून हात फिरवला तर इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या होजच्या पोटाशी फेस उकळत होता. तिथे ऑइलची ओल होती आणि तिच्यावर घाटातली लाल धूळ चिकटून पापुद्रा धरला होता. बोटाने दाबलं तर चीर मिटायची, हवा भरली की ओठांसारखी उघडायची. म्हणून सपाटीला ती दिसत नव्हती. आत जोराचा दाब आल्याशिवाय ती चीर नव्हतीच म्हणा ना.

काजळीचाही उलगडा तिथेच झाला. एअर फिल्टरपाशी जी हवा मोजली जाते, ती सगळी इंजिनात पोहोचत नव्हती. कॉम्प्युटर मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडत होता. डिझेल जास्त, हवा कमी, म्हणजे काळा धूर. जुन्या पिकअपने तो मागे ओकला असता आणि मेस्त्रीने लांबून बघून सांगितलं असतं. इथे जाळी तो पोटात घेत होती, भरत होती, जळत होती, ऑइलमध्ये डिझेल उतरवत होती.

होज तिथे मिळणार नव्हता, कोल्हापूरहून यायचा होता. आणि गाडीत मागे हापूस भरलेला होता. पिकायला लागलेला माल मार्केट यार्डात वेळेवर उतरला नाही तर दलाल काय भाव लावतो ते ज्याचं त्याला माहीत. त्याने सायकलच्या ट्यूबचे पट्टे ताणून चिरेवर गुंडाळले, वरून दोन क्लॅम्प मारले आणि “तिसऱ्याच्या वर जोर लावू नगा” अशी ताकीद देऊन सोडलं. पोहोचलो. नवा होज परतीच्या वाटेवर बसवला, दोन हजारांच्या आत काम झालं. काजळी आधीच भरलेली होती, म्हणून एकदा स्कॅनरवरून रीजन करून घेतलं आणि मगच कोड पुसले. ऑइल व फिल्टर बदलणं भागच होतं, डिझेल मिसळलेल्या ऑइलवर टर्बोची बेअरिंग जगत नाहीत.

होज का फाटला, हे त्याने सोडून दिलं नाही. इंजिन ज्यावर टेकतं तो खालचा एक रबरी माउंट खचला होता. जोर लावला की इंजिन एका बाजूला झुकायचं आणि होज ब्रॅकेटला घासायचा. माउंटचा खर्च होजपेक्षा जास्त होता आणि गाडी दिवसभर उभी ठेवावी लागणार होती, म्हणून तो हंगाम संपल्यावर बदलला. तोपर्यंत घासणाऱ्या जागी ट्यूबचाच एक तुकडा बांधून ठेवला होता. पुढच्या चढणीला मागणी २१५ आणि मिळकत २१२. डिपस्टिक अजूनही दर आठवड्याला बघतो, पातळी हललेली नाही.