आमची वाटचाल : ‘क्षिप्रा’ नीट छापली जाईपर्यंत

२००७ साली इंदूरच्या राजेंद्र नगरात, घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून आम्ही सुरुवात केली. दवा बाजारातल्या होलसेल औषधवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करायचो: बॅच नंबर, एक्स्पायरी, स्कीमचा माल, उधारी. भांडवल म्हणजे आईने मोडलेली एफडी. लायसन्स घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून लिनक्स, पीएचपी, माहिती साठवायला मायएसक्यूएल हा डेटाबेस, सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि वापर फुकट. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं घर कशावर चालतं, हा प्रश्न तेव्हा मनात आलाच नाही.

तो आला २०१० च्या जानेवारीत. मायएसक्यूएल २००८ मध्ये सन कंपनीने सुमारे १ अब्ज डॉलरला घेतलं होतं. आता सनच ओरॅकलकडे गेली. ओरॅकलचा मुख्य धंदाच स्वतःचा डेटाबेस विकण्याचा. आमच्या पोटात गोळा आला. मायएसक्यूएल पुढेही चालू राहिलं, आजही मोफत मिळतं. शिवाय मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच तोच कोड घेऊन मारियाडीबी सुरू केलं होतं. कोड खुला, म्हणूनच त्यांना हे करता आलं.

२०१७ मध्ये जीएसटी आला आणि सगळं नव्याने लिहावं लागलं. त्या वेळी आम्ही पोस्टग्रेस या दुसऱ्या ओपन सोर्स डेटाबेसकडे वळलो. अनेक कंपन्या तिथे काम करणाऱ्या आपल्या माणसांचा पगार देतात, पण सूत्रं सांभाळणाऱ्या कोअर टीममध्ये एकाच कंपनीचे निम्म्याहून जास्त लोक नसावेत, हे ते कटाक्षाने पाळतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

खरा फटका मात्र एका छोट्या गोष्टीने बसला. बिलाची पीडीएफ करणारी एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आम्ही वर्षानुवर्षं वापरत होतो. २०१९ च्या दिवाळीआधी तिची नवी आवृत्ती टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच फोन आला, “भिया, ये क्या छाप दिया?” जाऊन पाहिलं तर पत्त्यातल्या ‘क्षिप्रा’ गावाची दशा झालेली. वेलांटी अक्षराच्या अलीकडे हवी ती पलीकडे पडली होती, जोडाक्षरं सुटली होती आणि ‘क’ पाय मोडून एकटाच उभा होता. औषधाच्या नावांचंही तसंच झालं असतं, पण ती इंग्रजीत असतात म्हणून वाचलो.

शोध घेतल्यावर कळलं, की लायब्ररीला पोसणाऱ्या कंपनीने ती टीम दुसऱ्या कामाला लावली होती. मागे उरला एकच माणूस. तो नोकरी करून रात्री हे सांभाळायचा. त्याला मी जरा चढ्या सुरातच मेल लिहिली. त्याचं उत्तर शांत होतं : देवनागरी मला वाचता येत नाही, तुम्ही तपासून द्याल का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्याच्या कामावर आमच्या घरची चूल पेटत होती आणि आम्ही त्याला छदाम दिला नव्हता.

देवनागरी अक्षरांची जुळणी करणारं हार्फबझ हे मोफत इंजिन आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळे तेच वापरतात. ते घडवणारे बेहदाद एस्फहबोद आधी रेड हॅटमध्ये होते, मग गूगलमध्ये. म्हणजे आपली जोडाक्षरं आज मोबाइलवर शाबूत दिसतात, त्यात कंपन्यांच्या पगाराचा वाटा आहेच. कंपनीच्या पैशाला नावं ठेवणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. माझी तक्रार इतकीच, की सगळा भार एकाच खुंटीवर नको आणि आपल्यासारख्या वापरणाऱ्यांनी हात आखडू नये.

आमच्या दोघी प्रोग्रॅमर मुलींनी ती लायब्ररी हार्फबझला जोडून दिली. अडीच महिने लागले. पैसे पाठवताना सीएसाहेबांनी विचारलं, “हे दाखवायचं कशात? देणगी?” शेवटी त्या माणसाकडून वार्षिक सपोर्टचं बिल मागवलं. रक्कम मोठी नाही, आमच्या ऑफिसच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी. दवा बाजारातल्या काही गिऱ्हाइकांनाही हे समजावून सांगितलं. वार्षिक मेंटेनन्समध्ये त्यासाठीची छोटी रक्कम त्यांनी खळखळ न करता मान्य केली.

आता शुक्रवारी दुपारनंतर ऑफिसात गिऱ्हाइकाचं काम होत नाही, फक्त या लायब्ररीचं होतं. नवी आवृत्ती निघण्याआधी आम्ही दिलेली चाचणीची फाइल चालते. तिच्या पहिल्या ओळीत एकच शब्द आहे : क्षिप्रा.